दोन बुद्धपौर्णिमांच्या मधली दुर्बीण

मेळघाटातल्या एखाद्या पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर बसायचं, पाण्यावर येईल ते प्रत्येक जनावर वहीत टिपायचं आणि सकाळी वही वनखात्याच्या हवाली करून खाली उतरायचं, ही इच्छा मी बरीच वर्षं मनात धरून होतो. दोन वर्षांपूर्वीच्या बुद्धपौर्णिमेला ती पुरी झाली. सोबतीला एक तरुण वनरक्षक होता. वय सव्वीस-सत्तावीस, तिथल्याच एका कोरकू गावातला. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. वयाचा उल्लेख करतोय, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

चंद्र चांगला वर आल्यावर पाण्याच्या पलीकडच्या काठाला काहीतरी हललं. माझ्याजवळ १०×२५ ची, घडी होऊन खिशात मावणारी दुर्बीण होती. सह्याद्रीत सात-आठ वर्षं वापरलेली, माझ्या लाडाची. ती डोळ्याला लावली आणि नुसत्या डोळ्याला दिसत होतं तेही गेलं. एक करडा पडदा, त्यात दोन काळी वर्तुळं थरथरतायत, बस्स. चाक फिरवलं, चष्मा काढला, परत लावला. काही नाही.

वनरक्षकाने न बोलता आपली दुर्बीण पुढे केली. जुनी, काळी, वीटभर वजनाची, खांद्यावरचा रंग घासून पितळ दिसणारी ७×५०. कोणा साहेबांनी बदली होताना त्याच्या वडिलांना दिलेली. वडील वनखात्याच्या त्याच वर्तुळात वनमजूर होते.

"कोपरं टेकवा सर. हालवू नका."

मचाणाच्या आडव्या बांबूवर कोपरं टेकवली. आणि पलीकडचा काठ उजळला. पाण्यात तुटलेली चांदण्याची रेघ दिसली, ओल्या दगडांच्या कडा दिसल्या आणि त्यांच्यामध्ये डोकं खाली घालून बसलेलं एक काळं, केसाळ ढेकूळ. त्याने तोंड वर केलं तेव्हा फिकट मुस्कट चमकलं आणि पाठोपाठ छातीवरची पांढरट कोर.

"अस्वल आहे. पाणी पिऊन राहिलं," तो कानाशी कुजबुजला.

पाच-सात मिनिटं ते तिथे होतं. ती मिनिटं मी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून जगलो. परतीच्या प्रवासात, परतवाड्यापासून अमरावतीपर्यंतच्या एसटीत, डोक्यात एकच विचार होता: माझी दुर्बीण दहा पट मोठं दाखवते, त्याची सात पट. मग मला काहीच का दिसलं नाही?

हा प्रश्न सोडवायला मला जवळजवळ वर्ष लागलं. एवढा वेळ लागायला नको होता. पण मी घाई केली असती तर पुन्हा चुकीचीच घेतली असती, हे आता नक्की कळतं.

मचाण, पाणवठा, चांदणी रात्र ही मांडणी मुळात शिकाऱ्यांची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला आणि त्याच मांडणीत आता माणसं वही-पेन्सिल घेऊन बसतात. पण बघणाऱ्याची अडचण जुनीच आहे. जनावर येतं ते उजेड गेल्यावर, राहतं थोडाच वेळ आणि आपले हात स्थिर नसतात. म्हणून दुर्बिणींबद्दल इंग्रजीत जे लिहिलेलं सापडतं ते बरंचसं युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी लिहिलेलं असलं, तरी मी ते मन लावून वाचलं. जर्मनी-ऑस्ट्रियात संधिप्रकाशात मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ सारखी अवजड दुर्बीण का बाळगतात आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत शिकारी १०×४२ किंवा त्याहून मोठी तिवईवर लावून तासन्‌तास उतार का न्याहाळत बसतात, हे वाचताना माझा प्रश्न हळूहळू सुटत गेला. दोघांच्या हातातली वस्तू वेगळी, कारण दोघांचा उजेड वेगळा आणि अंतर वेगळं. मग माझा उजेड कोणता, माझं अंतर कोणतं?

आकड्यांचं गणित खरं म्हणजे सोपं आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की आयपीसमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे पाहिलं तर आयपीसमध्ये जो उजळ गोल ठिपका दिसतो, तोच हा. माझ्या १०×२५ चा ठिपका अडीच मिलिमीटर. वनरक्षकाच्या ७×५० चा सात मिलिमीटरहून थोडा जास्त.

आता डोळ्याकडे येऊ. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. त्यामुळे दिवसा अडीचचा झोत पुरतो. म्हणूनच माझी छोटी दुर्बीण राजमाचीला, कर्नाळ्याला मला कधी कमी वाटली नव्हती. अंधारात बाहुली उघडते. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत जाते, वयाबरोबर हे उघडणं कमी होत जातं आणि पन्नाशीच्या आसपास बऱ्याच जणांची पाचच्या घरात येऊन थांबते. त्या रात्री माझी बाहुली पाच मिलिमीटर उघडली होती असं धरलं, तर अडीच मिलिमीटरच्या झोताने तिचा अर्धा व्यास, म्हणजे क्षेत्रफळाने फक्त चौथा हिस्सा भरला. उरलेला डोळा रिकामाच राहिला. मी दहा पट मोठा अंधार बघत होतो.

मग सरळ ७×५० घ्यायची? पहिला विचार तोच आला. पण माझ्या पाच मिलिमीटरच्या बाहुलीत सात मिलिमीटरचा झोत मावणार नाही, कडेचा उजेड वाया जाणार. आणि किलोभर वजन गळ्यात घालून मी गड चढणार नाही, हे मला ठाऊक होतं. वर्षातले दोन-तीन दिवस मचाण आणि उरलेले चाळीस-पन्नास दिवस डोंगर, हा माझा हिशोब. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच. माझ्या डोळ्याला जेवढं पेलतं तेवढंच. कागदावर तरी ८×४२ जिंकली.

पण मनातून १०×४२ जात नव्हती. झोत ४.२ मिलिमीटर, म्हणजे फार कमी नाही, आणि वर दहा पट! डोंगरातल्या मित्रमंडळींत दोघांकडे दहाची, एकाकडे आठाची होती. त्या सगळ्यांना मी गळ घातली आणि एका डिसेंबरच्या रविवारी आम्ही चौघं तीन दुर्बिणी घेऊन गुंजवण्यातून राजगड चढलो. असा दिवस प्रत्येकाने एकदा काढावा असं मला मनापासून वाटतं, कारण दुकानातल्या काउंटरवर जे कधीच कळत नाही ते चोरदरवाज्याच्या पायऱ्या संपल्यावर एका मिनिटात कळतं.

पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. तेवढ्यात बालेकिल्ल्याच्या कड्यावर, एका कपारीच्या ओठावर, पक्षी बसलेला दिसला. मी आधी दहाची लावली. पक्षी मोठा दिसला, पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उडत होता. ससाणा आहे एवढं कळलं, पुढे नजर ठरेना. मग आठाची लावली. आकाराने लहान, पण जागेवर. काळं डोकं, गालावर उतरलेला काळा पट्टा, पोटाचा तांबूस रंग. शाहीन ससाणा! पुन्हा दहाची घेतली, पुन्हा आठाची. चार वेळा अदलाबदल केली आणि चारही वेळा आठाने मला जास्त सांगितलं. दुर्बीण पक्ष्याबरोबर आपला थरकापही तितक्याच पटीने मोठा करते. धापा टाकणाऱ्या, पाठीवर पिशवी असलेल्या माणसाला आठ पट ही बहुतेक शेवटची पायरी आहे.

दुपारी संजीवनी माचीवर तटाला पाठ टेकून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून तोरण्याकडे बघत बसलो, तेव्हा मात्र दहा पटीचा फायदा उघड दिसला. कड्याच्या भेगा, त्यातली झुडपं सगळं वेगळं वेगळं कळत होतं. हवा स्वच्छ होती, श्वास शांत होता. उघड्या माळावर लांडगे-चिंकारा बघणाऱ्याने, भिगवणच्या पाणथळीवर काठावर बसून बदकं मोजणाऱ्याने, तिवई वापरणाऱ्याने १०×४२ घ्यावी. मी तिला नाव ठेवणार नाही. माझं रान वेगळं आहे. भीमाशंकरच्या झाडीत शेकरू एका फांदीवरून दुसरीवर जातं तेव्हा ते आधी सापडायला लागतं. आठ पटीच्या दुर्बिणीत हजार मीटरवर साधारण एकशेतीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहाच्यात एकशेदहाच्या आसपास. झाडीत हा फरक म्हणजे शेकरू दिसणं आणि नुसती पानं दिसणं.

८×३२ चाही विचार करून पाहिला. पाचशे ग्रॅमच्या आसपास, झोत चार मिलिमीटर. ज्याला फक्त दिवसा भटकायचं आहे आणि पिशवीतला एकेक ग्रॅम मोजायचा आहे, त्याच्यासाठी माझ्या मते तीच उत्तम. मला अस्वल विसरता येत नव्हतं, म्हणून मी बेचाळीसवर आलो.

झूमवाल्या दुर्बिणींबद्दल एवढंच सांगतो की त्यांच्या वाटेला जाऊ नये. पट वाढवत नेली की चित्र अंधारतं, दिसणारा पट्टा आकसतो आणि आतली हलणारी भिंगं दोन्ही बाजूंना कायम एकसारखी चालत नाहीत. आणि जत्रेत, प्रदर्शनात, फुटपाथवर ३०×६० असं छापलेली जी मिळते, तिच्या पुढच्या भिंगावर शाळेतली पट्टी ठेवून बघावी. माझ्या भाच्याने वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेलीचं भिंग भरलं बावीस मिलिमीटर. पोराचा चेहरा उतरला तो मला आजही आठवतो. अशी फसवणूक करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, कारण त्यात पैसे तर जातातच आणि पोराची बघायची हौसही जाते.

चष्म्याचा मुद्दा माझ्यासारख्याने सगळ्यात वर ठेवायला हवा होता. आयपीसच्या मागे किती अंतरावर डोळा ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावला की डोळा आपोआप मागे जातो. हे अंतर दहा-अकरा मिलिमीटर असेल तर चष्मेवाल्याला किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखं मधलं थोडंसं दिसतं. पंधराच्या वर हवं, सतरा-अठरा असेल तर उत्तम. माझ्या छोट्या दुर्बिणीतून इतकी वर्षं मी निम्मंच चित्र बघत आलो होतो आणि दुर्बीण अशीच असते असं समजत होतो. आयपीसभोवतीचे रबरी कप चष्मेवाल्याने पूर्ण खाली करायचे, बिनचष्मेवाल्याने वर उचलायचे, हेही मला तेव्हाच कळलं.

खिशाची मर्यादा वीस हजार ठरवली होती. युरोपातल्या नामांकित दुर्बिणी लाखाच्या वर जातात. त्या मी एकदा भिगवणला, नावेतल्या एका पाहुण्याकडून मागून, दोन मिनिटं डोळ्याला लावल्यात आणि त्या तेवढ्या किमतीच्या का हे मला पटलंय. कडेपर्यंत चित्र धारदार, रोहित पक्ष्याच्या पायाचा गुलाबी आणि पंखाचा गुलाबी वेगवेगळे. पण ते पैसे माझ्याकडे नाहीत. निकॉन, सेलेस्ट्रॉन, व्हॉर्टेक्स यांच्या ८×४२ माझ्या आवाक्यात किंवा आवाक्याच्या जरा पलीकडे होत्या. मी शेवटी कोणती घेतली ते नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक डोळ्याला न लावता तेच मागवतात, आणि माझं नाक, माझा चष्मा, माझ्या दोन डोळ्यांतलं अंतर त्यांचं नाही.

पुण्यात एका दुकानात चार नग काढायला लावले. दुकानदार काउंटरवरूनच समोरचं कॅलेंडर बघा म्हणत होता. मी विनंती केली, "काका, दाराशी उभं राहून बघू द्या, हवं तर माझं पाकीट ठेवून घ्या." पाकीट त्यांनी ठेवलं नाही, उलट स्वतःच बाहेर येऊन उभे राहिले. वेळ मी मुद्दाम संध्याकाळची निवडली होती, साडेसहाची. भर दुपारी चांगली-वाईट सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. दिवेलागणीला त्यांचा खरा कस लागतो.

आधी प्रत्येक दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसमधला उजळ ठिपका पाहिला. तो कडेकडेने स्वच्छ गोल हवा. एका नगात तो चारी बाजूंनी तासल्यासारखा, जवळजवळ चौकोनी दिसत होता. आतले लोलक हलक्या काचेचे असले की असं होतं. बॅक-४ या काचेचे असले की ठिपका सहसा गोल येतो. ती बाजूला ठेवली. पुढच्या भिंगावर लालभडक चकाकी असणारी एक होती, ती हातातसुद्धा घेतली नाही. चांगल्या कोटिंगची झाक फिकी, हिरवट किंवा जांभळट असते. मग समोरच्या इमारतीवर विजेच्या तारेवर कावळा बसला होता, त्याच्या मागे फिकट आभाळ. याहून चांगली परीक्षा नाही. कावळ्याच्या पाठीला एका दुर्बिणीत जांभळी किनार आली, दुसऱ्या बाजूला हिरवट. दुसरीत किनार होती, पण वर्तुळाच्या कडेला गेल्यावरच. या किमतीत तेवढं चालवून घ्यावं लागतं.

त्यानंतर समोरच्या छपराखालच्या अंधारातली पाटी. नुसत्या डोळ्याला अक्षरं लागत नव्हती. दोन दुर्बिणींत लागली, आणि त्यातल्या एकीत पाटीच्या कोपऱ्यातला फोन नंबरही वाचता आला. ती निवडली. किंमत अठरा हजारांच्या आत.

मी बिल करा म्हणणार, तेवढ्यात राजगडावरच्या मित्राने बजावलेलं आठवलं: नमुन्यावर जाऊ नकोस, खोक्यातून निघेल तोच नग तपास. खोक्यातला नग डोळ्याला लावला तर चित्र छान, पण भुवईच्या मध्ये कुठेतरी ओढल्यासारखं वाटायला लागलं. छपराची आडवी कड बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार बोटं लांब नेली. डाव्या वर्तुळात कड जिथे होती त्यापेक्षा उजव्या वर्तुळात किंचित वर होती. दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. असा फरक मेंदू काही वेळ सांभाळून घेतो आणि मग अर्ध्या तासात डोकं धरायला लावतो. दुकानदारांनीही बघितलं, मान हलवली आणि दुसरं खोकं फोडलं. त्यातल्या नगात कड सलग होती. तो मी घरी आणला. वजन सहाशे तीस ग्रॅमच्या आसपास, आय रिलीफ साडेसतरा, पुढे दोन मीटरवरचं फुलपाखरूही फोकस होतं, लोलकांवर फेज कोटिंग. या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलक प्रकाशाचे दोन भाग करून पुन्हा जुळवतो, त्यात थोडी धार मरते. ती वाचवणारं हे कोटिंग १९८८ मध्ये झाइसने आणलं. तेव्हा ते महागड्या दुर्बिणींतच असायचं, आज माझ्या ऐपतीत आलंय.

घरी आल्यावर गच्चीवर पहिलं काम केलं ते डाव्या-उजव्या डोळ्याचा मेळ घालायचं. कितीतरी जण वर्षानुवर्षं दुर्बीण वापरतात आणि हे करतच नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो. आधी नळ्या उघड-मीट करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईल असं अंतर ठरवायचं. मग उजव्या नळीच्या पुढच्या भिंगावर हात धरायचा. डोळा मिटायचा नाही, मिटला की दुसऱ्यावर ताण येतो. डाव्याने दूरची एखादी बारीक वस्तू, मी टाकीवरचं कंपनीचं नाव घेतलं, मधल्या चाकाने धारदार करायची. आता हात डाव्या भिंगावर. मधल्या चाकाला बोट लावायचं नाही. उजव्या आयपीसखालची डायॉप्टरची कडी फिरवून तेच नाव उजव्या डोळ्याला धारदार करायचं. झालं. कडी जिथे थांबली तिथे मी नेलपॉलिशचा एक टिपका लावून ठेवलाय. दुसऱ्या कुणी वापरली की कडी हलते, मग टिपक्यावर परत आणायची. हे केल्यावर त्या गच्चीवरून समोरच्या पिंपळातला तांबट असा काही उठून दिसला की मी खाली जाऊन बायकोला वर बोलावून आणलं. तिनेही पाहिलं आणि म्हणाली, "याच्या तोंडावर मिश्या आहेत!" आहेत खऱ्या, चोचीच्या मुळाशी राठ केसांच्या. पंचवीस वर्षं रोज ऐकत होतो त्या पक्ष्याच्या मिश्या आम्ही दोघांनी त्या दिवशी पाहिल्या.

गळ्यातला बारीक पट्टा पहिल्याच दिवशी काढून टाकला. तासाभराने मान धरते आणि पायऱ्या उतरताना दुर्बीण दगडावर आपटते. आमच्या इथल्या बॅगा शिवणाऱ्या मामांकडून चार पट्ट्यांचं जू शिवून घेतलं. दोन पट्टे खांद्यांवरून, पाठीवर फुली, आणि पट्ट्यांचे मधले तुकडे रुंद इलॅस्टिकचे. दुर्बीण छातीशी बसते, वजन खांद्यांवर जातं, वर पिशवीचे पट्टे आले तरी अडचण होत नाही. मामांनी शिलाईचे दीडशे रुपये घेतले आणि आजवर एक टाका उसवलेला नाही.

पावसाची गोष्ट सांगायलाच हवी. माझी जुनी १०×२५ आतून बंद नव्हती. ताम्हिणीच्या एका पावसात तिच्या आत वाफ धरली. मी ती तशीच कपाटात ठेवली. ऑक्टोबरात काढली तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. आपल्या कोकण-घाटमाथ्याच्या हवेत हे ठरलेलंच आहे. म्हणून नवी घेताना वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली हीच अट होती. कोरडा नायट्रोजन आत असला की आत बाष्प नाही, म्हणून आतून वाफ धरत नाही. बाहेरून मात्र धरते, श्वासाने, घामाने, धुक्याने, आणि त्याला इलाज थांबणं हाच. दर पावसाळ्यात मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो, पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर गरम करून निळ्या करून घेतो. भिंग पुसताना आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, मग स्वच्छ मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने कधीच नाही. माळावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते, तिने कोटिंगवर कायमचे ओरखडे पडतात.

दुर्बीण उचलायचीही सवय लावावी लागली. आधी मी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायचो. आता पक्ष्यावर नजर रोखून धरतो आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणतो. महिनाभर गच्चीवर घारींवर सराव केला तेव्हा ते अंगवळणी पडलं. अंजनेरीच्या कड्याखाली फेब्रुवारीत गेलो तेव्हा त्याचा उपयोग झाला. वरून एक मोठी सावली सरकली, मान वर केली, हात आपोआप वर आले, आणि लांब चोचीचं गिधाड पंख न हलवता वर्तुळात आलं. मानेवरची विरळ लव, डोकं वळवून खाली बघणारा डोळा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने ही गिधाडं कुठल्या कुठे गेली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि तरी ती मोजकीच उरलीत. त्यातलं एक इतक्या जवळून डोळ्यात डोळा घालून गेलं की मी खाली कातळावर बसलो.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला पुन्हा मेळघाट. मी अर्जात तोच पाणवठा मागितला होता, तो मिळाला नाही, शेजारचा मिळाला. पण सोबतीला तोच वनरक्षक होता. मचाणावर चढल्या चढल्या त्याला माझी दुर्बीण दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, तळव्यावर तोलली.

"हलकी आहे सर."

रात्री साडेदहाच्या पुढे सांबरं आली. मी आठाची लावली. पाण्याची कड, ओला चिखल, दोन माद्या, एकीचे कान एकसारखे हलतायत. गेल्या वर्षीचा करडा पडदा नव्हता. बांबूला कोपरं टेकवून मी बघत राहिलो आणि मग त्याच्या ७×५० मधून बघितलं. माझ्या डोळ्याला दोन्हींतला उजेड सारखाच वाटला. हिशोब बरोबर आला होता, त्याचं मला फार समाधान वाटलं.

त्याने माझी घेतली, बराच वेळ बघितलं, मग आपली लावली. पुन्हा माझी.

"चांगली आहे सर," तो म्हणाला. "पण मले माह्यातच बरं दिसते. किती लिहिले तुम्ही?"

"दोन माद्या."

"तीन आहेत. पिलू आहे मागं, करवंदीच्या सावलीत."

मी पुन्हा लावली, कडी टिपक्यावर आहे ना ते बोटाने चाचपलं, करवंदीच्या काळ्या सावलीत कितीतरी वेळ बघितलं. मला नाही दिसलं. वहीत मात्र आम्ही तीन लिहिले, आणि पहाटे चिखलात उतरून पाहिलं तर माद्यांच्या खुरांच्या मधोमध लहान खुरांची ओळ करवंदीकडे गेलेली होती.